आत्याबाई विकणे आहे

जावकरावांनी दाढीचा साबण लागलेलं तोंड लॉजच्या टॉवेलाला पुसलं, आणि तिथून पुढे जे काही घडलं त्याला दुसरं कोणीही जबाबदार नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर नवरे मंडळींची रीत ठरलेली. सांडायचं आपण, पुसायचं बायकोने, आणि वर फडकं कसलं मळकं वापरलंस म्हणून विचारायचं.

जावकराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. एका मोठ्या कचेरीच्या जावक विभागात ते कारकून होते. कचेरीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कागदाला नंबर द्यायचा, शिक्का मारायचा आणि त्याला वाटेला लावायचं, हे काम ते उभा जन्म करत आले होते. पण बाहेर एवढं वाटेला लावणारा हा माणूस घरातून मात्र काडी हलू देत नसे. दांडी मोडलेली छत्री, काटे गळालेलं घड्याळ, एका पायाचा बूट (दुसरा सापडेल या आशेवर), सगळं जागच्या जागी. आणि या सगळ्या खजिन्याची महाराणी म्हणजे गॅरेजमधली आत्याबाई.

आत्याबाई म्हणजे मोटार. जावकरावांच्या वडिलांनी घेतलेली, गोल डोळ्यांची, फुगीर दारांची, दुधी रंगाची. रस्त्यावर निघाली की पुढची माणसं थांबून फोटो काढत आणि मागचे ड्रायव्हर थांबून शिव्या देत. नाव वहिनींनी ठेवलेलं. वहिनी म्हणजे जावकरावांची बायको. सगळी गल्ली त्यांना वहिनी म्हणे, म्हणून आपणही म्हणू. लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा त्यांनी पाहिलं, की घरातली सगळ्यात मोठी जागा हिची, सगळ्यात मऊ फडकं हिचं, गारठा पडला की पांघरूण आधी हिला, आणि कुठे जायचं म्हटलं की हिने कण्हायचं, खोकायचं, शेवटी घरातल्या सगळ्यांनी उतरून मागून ढकलायचं. एवढं लाडावलेलं माणूस सासरी एकच असू शकतं. नवऱ्याची आत्या.

या वहिनी धुलाई-इस्त्रीचं काम घेत. सुरुवात शेजाऱ्यांच्या चार शर्टांनी झाली. मग स्टेशनजवळच्या लॉजने चादरी आणि टॉवेल द्यायला सुरुवात केली आणि घराची धर्मशाळा झाली. जेवणाच्या टेबलावर इस्त्री, पलंगावर गठ्ठे, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्यांवर ओल्या चादरी. न्हाणीघरातून स्वयंपाकघरात यायचं तर जावकराव चादरी बाजूला सारत सारत येत, पडद्याआडून प्रवेश करणाऱ्या नटासारखे. फक्त टाळ्या कोणी वाजवत नसे. अशा घरात दाढी करताना डोळ्यांत साबण गेला तर माणूस हात पुढे करणार आणि हाताला लागेल त्याला तोंड पुसणार. त्यात त्या दिवशी गालाला ब्लेडही चांगलंच लागलं होतं, आणि पुसलेला टॉवेल गेला धुतलेल्या गठ्ठ्यात.

लॉजच्या मॅनेजरने तो टॉवेल दोन बोटांच्या चिमटीत धरून परत आणला. गिऱ्हाईकाला वाटलं, खोलीत खून झालाय, असं तो म्हणाला. पुढे असंही म्हणाला, की वहिनींचं काम त्यांना पसंत आहे, सगळ्या लॉजचं काम पडद्यांसकट त्यांनाच द्यायचं मनात आहे, पण असल्या घरगुती कारभारात नाही. नीट दुकान हवं, मोठी मशीन हवीत. महिनाअखेरपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर दुसरं कोणी बघू.

वहिनी काही बोलल्या नाहीत. वहिनी बोलत असल्या की जावकरावांना काळजी नसे. भांडं उकळतंय तोवर त्यात पाणी आहे हे कळतं. गप्प बसल्या की बूड करपायला लागलं समजायचं. त्यातून जावकरावांना सगळं माहीत होतं. कोपऱ्यावरचं चष्म्याचं दुकान रिकामं पडलं होतं आणि वहिनी रोज दूध आणायला जाताना त्याच्या काचेला नाक लावून उभ्या राहत. इथे मशीन, तिथे टेबल, मागे नळ, असा सगळा संसार त्यांनी त्या रिकाम्या दुकानात मनाने मांडून ठेवला होता. मालक भाड्याने द्यायला तयार होता. घोडं अडलं होतं भांडवलावर. बँकेने चहा पाजून हात वर केले होते.

तर ते गप्प बसणं सोसेना म्हणून जावकराव बोलून गेले, "एवढंच असेल तर आत्याबाई विकू."

यात त्यांचा हिशेब सरळ होता. असं म्हटलं की बायकोने म्हणायचं असतं, नको हो, तुमचा जीव आहे तिच्यात. मग आपण म्हणायचं, तुझ्यापुढे ती काय. मग दोघांनी मिळून चहा प्यायचा आणि विषय मिटला.

वहिनी म्हणाल्या, "बरं."

आणि चहा न टाकता त्या फोनकडे वळल्या.

लेक नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात होती. तिने तिथून बसल्या बसल्या गाडीचे फोटो मागवले आणि इंटरनेटवर जाहिरात टाकते म्हणाली. मजकूर मात्र मीच देणार, असा जावकरावांनी हट्ट धरला. रात्रभर... नाही, खोटं कशाला, जेवणापर्यंत खपून त्यांनी तो लिहिला. 'विकणे आहे. जुनी मोटार. सुस्वभावी, निर्व्यसनी व हलक्या हाताच्या व्यक्तीनेच संपर्क साधावा. प्रथम घेणाऱ्याचा विचार होईल, किमतीचा नंतर.' लेकीने फोनवर विचारलं, बाबा, गाडी विकताय की माझं दुसरं लग्न लावताय. पण जाहिरात तशीच गेली.

माणसं यायला लागली, आणि जावकरावांनी गॅरेजच्या तोंडाशी खुर्ची टाकून मुलाखती सुरू केल्या. पहिला एक तरणाबांड आला. त्याला आत्याबाई काळी रंगवून मागे भोंगे बसवायचे होते. जावकरावांनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. दुसरा आला तो दार धाडकन लावून मोकळा झाला. जावकराव दाराची कड चोळत राहिले आणि गाडी कालच विकली गेली असं त्याला सांगून टाकलं, गाडी दोघांच्या मध्ये उभी असताना. तिसरे एक निवृत्त प्राध्यापक होते. स्वभाव शांत, हात मऊ, सगळं जमत आलं होतं. मग जावकरावांनी विचारलं, पावसात गाडी बाहेर काढाल का. प्राध्यापक म्हणाले, काढावीच लागेल, मला छत्री धरता येत नाही. संपला व्यवहार.

वहिनी आतून इस्त्री फिरवता फिरवता हे सगळं ऐकत होत्या. इस्त्रीचा आवाज आधी सुर्र होता, मग धप् धप् व्हायला लागला. महिनाअखेर जवळ आली होती. चष्म्याच्या दुकानाच्या मालकाचा निरोप आला, की शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सांगा, एक फुलवाला मागे लागलाय.

गुरुवारी रात्री वहिनींनी जेवणाच्या टेबलावरची इस्त्री बाजूला ठेवली आणि ताट मांडता मांडता फर्मान काढलं. उद्या रजा टाकायची आणि सकाळी जो कोणी येईल त्याला गाडी द्यायची. तो चोर असो, दरोडेखोर असो, गाडीत कोंबड्या पाळणारा असो. तुम्ही त्याला एकही प्रश्न विचारायचा नाही.

"आणि त्याने मला विचारला तर?" जावकरावांनी विचारलं.

"तर खरं उत्तर द्यायचं."

झालं. बुडत्याला काडी मिळाली. जन्मभर कचेरीत राहिलेल्या माणसाला एवढी फट पुरते. गाडीबद्दल खरं सांगायला लागलं तर शहाणा माणूस पहिल्या चौकातच पळेल, हे जावकरावांच्या इतकं कोणाला ठाऊक असणार? त्या रात्री ते लहान मुलासारखे झोपले.

शुक्रवारी सकाळी दातांचे डॉक्टर आले. पलीकडच्या रस्त्यावर त्यांचा दवाखाना होता. बारीक चणीचे, बोलायला गोड, आणि (जावकरावांची इथेच पंचाईत झाली) गाडीत बसण्यापूर्वी त्यांनी बूट काढून हातात घेतले. नाव ठेवायला जागाच नाही. मग जावकरावांनी ठेवणीतलं शस्त्र बाहेर काढलं.

"ब्रेकबद्दल विचारलं नाहीत," ते म्हणाले.

डॉक्टरांनी विचारलं.

"लागतात. पण तुम्ही दाबल्यावर तिला पटावं लागतं."

डॉक्टरांचे डोळे चमकले. जावकरावांना वाटलं, घाबरला. त्यांनी पुढचं काढलं. इंजिन तापतं, मग चढावर खिडकीबाहेर डोकं काढून तिला धीर द्यावा लागतो. दुसरा गिअर पडत नाही, पहिल्यावरून तिसऱ्यात उडी मारायची. डावीकडे वळताना उजवीकडचा दिवा लागतो. आता दातांच्या डॉक्टरला दोष दाखवायला जाणं म्हणजे मांजराला दुधाचं पातेलं उघडून दाखवणं. जो माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत किडकं शोधत असतो, किडकं दिसलं की ज्याच्या मुलांच्या शाळेची फी निघते, तो किडीला भिणार? डॉक्टर गुडघ्यांवर बसले, खिशातून बारकी बॅटरी काढली, आणि आत्याबाईंच्या जबड्यात वाकून 'अरे वा, अरे वा' करायला लागले.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून त्यांनी आपल्या परीने तोंड उघडलं. यांचं काही ऐकू नका डॉक्टर, म्हणाल्या, अलीकडेच सगळं नवीन करून घेतलंय, कशाला हात लावायला नको.

डॉक्टरांचा चेहरा खर्रकन उतरला. "सगळं नवीन? मग मी रविवारी करू काय?"

वहिनी काही शाळा फार शिकलेल्या नव्हत्या, पण माणसाच्या तोंडावरची सुरकुती त्यांना शर्टाच्या सुरकुतीइतकी पटकन दिसे. त्यांनी तिथल्या तिथे मोहरा फिरवला.

"नवीन म्हणजे वरवर हो. खालून सगळी सडलीय."

"सडली काय," जावकराव दचकून म्हणाले. "थोडा गंज आहे."

"सडलीय. बोट घातलं तर आरपार जातं."

"अगं, मागच्या वर्षी मी स्वतः पत्रा मारून घेतलाय तिथे."

"तो पत्रा डब्याचा आहे डॉक्टर. अजून आतल्या बाजूने बिस्किटाचं चित्र दिसतं."

आपण आत्याबाईला नावं ठेवणं वेगळं आणि घरच्या सुनेने ठेवणं वेगळं. जावकरावांचं डोकं फिरलं. ती बदनामी मोडून काढायला ते आत्याबाईचे गुण सांगत सुटले. पत्रा कसा जाड, लाकूड कसं अस्सल, वडील तिच्यातून कुठे कुठे जाऊन आले. ऐकता ऐकता डॉक्टर जांभया द्यायला लागले. वहिनी एखादा दोष टाकत, डॉक्टर जागे होत. जावकराव एखादा गुण सांगत, डॉक्टर घड्याळ बघत. म्हणजे जे शस्त्र मुद्दाम उचललं होतं ते उलटं फिरलं, आणि नकळत उचललेलं बरोबर लागू पडत होतं, पण एवढं कळण्याइतकी अक्कल असती तर जावकराव आवक विभागात नसते का गेले? शेवटी वहिनींनी टायरबद्दल असं काही सांगितलं, की डॉक्टर उभे राहिले आणि म्हणाले, मी स्वतः चालवत दवाखान्यापर्यंत नेतो, तुम्ही शेजारी बसा, तिथेच पैसे देतो.

आत्याबाई निघाल्या. वहिनी दारात उभ्या राहून पाहत होत्या. त्यांच्या डोळ्यांसमोर मशीन फिरायला लागली होती.

वाटेत वारा बोचरा होता म्हणून डॉक्टरांनी आपल्या बाजूची काच वर चढवली. जावकरावांचं लक्ष नव्हतं. आत्याबाईंच्या आवाजात त्यांना हुंदके ऐकू येत होते. समोरून ट्रक गेला, धूळ उडाली, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने आपल्याही बाजूची काच वर केली. दवाखान्यासमोर गाडी थांबली. डॉक्टरांनी कडी ओढली. पुन्हा ओढली. मग सभ्य माणसं ओढतात तशी हसून तिसऱ्यांदा ओढली.

"दार?" ते म्हणाले.

तेव्हा कुठे जावकरावांना आठवलं. आत्याबाईंची दारं आतून उघडत नसत. मागची दोन तर वडिलांच्या काळापासून बंदच होती. पुढच्या खिडकीतून हात बाहेर काढून बाहेरची मूठ उचलायची, हे ते इतकी वर्षं करत आले होते की हा गाडीचा दोष आहे हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं. आपण जिना उतरताना डोकं वाकवतो त्याला कोणी रोग म्हणतं का? एवढी पापं त्यांनी डॉक्टरांपुढे वाचली, हे एक राहून गेलं. आणि काच एकदा वर गेली की खाली येत नसे. तिला दोन माणसांनी बाहेरून तळव्यांनी धरून खाली ओढावं लागे.

दवाखान्याची रिसेप्शनवाली बाई बाहेर आली. आतून दोघे ओरडून सांगत होते: मूठ वर उचला, आत दाबा, मग ओढा. बाहेर तिला दिसत होते दोन पुरुष एकमेकांवर ओरडताना. तिने हाताने खूण केली की भांडण संपलं की या, पेशंट थांबलेत, आणि ती आत गेली. मग पेशंटच बाहेर आले. गालाला हात लावून सगळे गाडीभोवती उभे राहिले. दात दुखत असताना करमणूक कोणाला नको असते?

डॉक्टर मात्र आपल्या धंद्याला जागले. एका गृहस्थाचा गाल इतका सुजला होता की गळ्यापासून डोळ्यापर्यंत एकच चढ झाला होता. अंगावर भारी कोट, सोबत ड्रायव्हर. डॉक्टरांनी त्यांना काचेजवळ बोलावून खुणेने तोंड उघडायला लावलं, आतून बॅटरी मारली, आणि वाफ धरलेल्या काचेवर बोटाने गोळीचं नाव लिहिलं. ते बाहेरून उलटं दिसत होतं. ड्रायव्हर मान वाकडी करून वाचत होता. जावकरावांनी या गडबडीत हळूच घरी फोन लावला आणि म्हणाले, अगं, जरा दवाखान्यापाशी येतेस का, विशेष काही नाही.

'विशेष काही नाही' हे शब्द ऐकून वहिनी इस्त्रीचं बटण बंद करून तशाच निघाल्या. गर्दी बाजूला सारली, नवऱ्याकडे एकदा पाहिलं (त्या एका नजरेत सगळा लग्नाचा करार होता), कंबरेचा एक दणका दाराला दिला आणि मूठ उचलली. दार उघडलं. वाफाळलेले डॉक्टर बाहेर आले. कपाळ पुसत, हात जोडत त्यांनी वहिनींचे आभार मानले, आणि म्हणाले, "मी विचार करून कळवतो."

हे म्हणणारा माणूस पुन्हा कधी कळवत नाही, हे लग्नं जमवणाऱ्यांना ठाऊक असतं आणि विकणाऱ्यांनाही. डॉक्टर आत गेले. पेशंट त्यांच्यामागून गेले. वहिनी तिथेच आत्याबाईच्या पायरीवर टेकल्या. रडल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "संध्याकाळी फुलवाल्याला किल्ली मिळेल. लॉजही गेलं म्हणायचं."

जावकरावांनी त्यांच्याकडे बघितलं. बाहेरच्या उजेडात, घरातल्या चादरींच्या सावलीशिवाय, त्यांनी बायकोला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. दोन्ही मनगटांवर इस्त्रीचे चटके होते, जुन्यावर नवे. आत्याबाईवर एवढासा ओरखडा उठला तर ते दुसऱ्या दिवशी रंगाची डबी आणत. हे चटके कधी उठले, त्यांना सांगता आलं नसतं.

एवढ्यात कोणीतरी बॉनेटवर थाप मारली. ते सुजलेल्या गालाचे गृहस्थ. ते आत गेलेच नव्हते. गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी ड्रायव्हरकडे पाहून भुवई उडवली. ड्रायव्हर म्हणाला, शेठ विचारतात, विकायची आहे का.

वहिनी उठल्या. पुढचा व्यवहार असा झाला, की शेठनी काही बोटं दाखवली. वहिनींनी जास्त दाखवली. शेठना नाही म्हणायचं होतं, पण नाही म्हणायला मान आडवी हलवावी लागते, आणि आडवी हलवली की गालात कळ जाई. उभी हलवली तर कमी दुखे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. वहिनींना हे दुसऱ्या हेलकाव्याला समजलं आणि त्यांनी आणखी एक बोट वर केलं.

जावकराव पुढे सरसावले. "पण हे गाडीचं करणार काय?"

शेठनी गालाकडे बोट दाखवलं.

"त्यांना बोलायला लावू नका, दुखतंय," वहिनी म्हणाल्या. मग नवऱ्याला थोडं बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "कागद तुमच्या नावावर आहे. सही तुमची लागणार. तुम्ही नाही म्हणालात तर मी तुमच्याबरोबर ढकलत ही घरी नेईन, आणि जन्मात पुन्हा विषय काढणार नाही. पण नाही म्हणायचं तर आत्ता, माझ्या तोंडावर म्हणा. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या आडून म्हणू नका."

एवढं सरळ जावकरावांशी कचेरीतला साहेबही कधी बोलला नव्हता. त्यांनी आत्याबाईकडे पाहिलं. मग त्या मनगटांकडे. मग पेन मागितलं. सही केली, आणि सवयीने खाली 'जावक' लिहून पुढे तारीखही घातली.

"खोडू नका," वहिनी म्हणाल्या. "शोभतंय."

गोष्ट इथे संपती तर जावकरावांची चार माणसांत इज्जत राहिली असती.

शेठ निघाले गाद्यांचे व्यापारी. मोठ्या रस्त्यावर त्यांचं काचेचं दुकान होतं. त्यांनी पुढची काच काढून आत्याबाई आत नेली, टपावर डबल बेडची गादी चढवली, आणि पाटी लावली: 'जुन्या काळचा आराम, आता आमच्याकडे.' जावकरावांना वाटलं, आत्याबाईची विटंबना झाली. वहिनींना वाटलं, म्हातारीला छप्पर मिळालं, डोक्यावर मऊ गादी मिळाली, ढकलायला कोणी नाही. आपलं म्हातारपण इतकं बरं जाईल तर हात जोडू.

चष्म्याच्या दुकानात आता दोन मोठी मशीन फिरायला लागली. लॉजचे पडदेसुद्धा आले. घरातल्या दोऱ्या निघाल्या आणि घर एवढं मोठं निघालं की जावकराव आठवडाभर मोकळ्या हवेतच चादरी बाजूला सारत चालत होते. वहिनींनी एक मदतनीस बाई ठेवली, स्वतः गल्ल्यावर बसल्या, आणि कचेरी सुटल्यावर जावकरावांनी तिथे येऊन गठ्ठ्यांवर नंबर घालायचे असं ठरलं. पण जावकराव उशिरा यायला लागले. रोज.

आणि घरात उश्या वाढायला लागल्या.

पहिली आली तेव्हा जावकराव म्हणाले, मान दुखते. दुसरी आली तेव्हा म्हणाले, तुझीही दुखेल. मग एक लोड आला. मग दोन तक्के. मग गोल उशी, मग पायाखाली ठेवायची, मग प्रवासात मानेला अडकवायची, आणि यांचा प्रवास म्हणजे घर ते कचेरी, तोही पायी. माणसं दोन, आणि पलंगावर झोपायला जागा नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. इथे अंथरूणच पाय पसरून बसलं होतं. वहिनींच्या डोक्यात भलतंसलतं आलं नाही असं नाही. (ह्या माणसाला दुसरी कोण विचारणार, असं मनाशी म्हणून त्यांनी ते झटकलं. पण म्हणावं लागलं, हे खरं.) शेवटी एका संध्याकाळी त्यांनी मावतील तेवढ्या उश्या मोठ्या पिशवीत कोंबल्या आणि परत करायला गाद्यांच्या दुकानात गेल्या.

शेठचा गाल आता बसला होता आणि इतक्या दिवसांचं साठलेलं बोलणं धो-धो वाहत होतं. वहिनींनी तोंड उघडण्याआधीच त्यांनी हात जोडले. तुमचे मिस्टर म्हणजे देवमाणूस, म्हणाले, असं गिऱ्हाईक मिळायला भाग्य लागतं. मग त्यांनीच खुलासा केला. गाडीवर पोरं चढायला लागली, म्हणून त्यांनी नियम केला होता, की जो काही खरेदी करील त्यालाच आत बसून ती वस्तू वापरून बघता येईल. एका खरेदीला एक बैठक.

वहिनी पिशवी घेऊन काचेकडे वळल्या. आत्याबाई दिव्यांच्या झोतात चकचकत उभी होती. ड्रायव्हरच्या जागी जावकराव बसले होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर, मानेमागे नवी कोरी उशी, नजर समोरच्या भिंतीपलीकडे कुठेतरी लांबच्या रस्त्यावर. पापणी हलत नव्हती.

गाडीपाशी एक बाई नवऱ्यासाठी गादी बघायला आली होती. तिने खिडकीतून आत वाकून जावकरावांना जवळून न्याहाळलं, नाकावर आलेली धूळ पाहिली, आणि वहिनींना आपल्यासारखंच गिऱ्हाईक समजून म्हणाली, "गाडी सुरेख ठेवलीय नाही? पण पुतळा जरा बरा नव्हता का मिळत? हा बघून वाटतं, इथली गादी घेतली की झोपच लागत नाही."

आत पुतळ्याने श्वास रोखून धरला.

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाल्या, "कुठला मिळणार हो? जुन्या गाडीबरोबर फुकट आला असेल."